नात्यातील सोयरीक आणि आजचे जीवशास्त्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी देगलूर येथे दिलेले व्याख्यान)



‘आरोग्य व विज्ञान ह्यांतील नवे संशोधन’ ह्या विषयावर आपल्यासमोर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी मला केली, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी डॉक्टर नव्हे, संशोधकही नव्हे; एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक साधा शिक्षक आहे. विषय तर समुद्राएवढा. त्याच्या काठाकाठाने फिरून आपला वेळ घेण्यापेक्षा त्यातील एकच घागर भरून आपल्यापुढे ठेवावी, असे मी ठरविले आहे. ज्या कामासाठी आपले मंडळ मुख्यत्वेकरून ओळखले जाते, ज्यासाठी दरसाल वधूवरांच्या याद्या छापल्या जातात, त्या सोयरिकीच्या कामाविषयी आजचे जीवशास्त्र काय सांगते, एवढाच माझा आजचा विषय आहे.

विषय नाजूक आहे ह्याची मला जाणीव आहे. माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले तर त्याने मला वडीलकीच्या नात्याने क्षमा करावी. परंतु जे मला ठाऊक आहे आणि ज्याची किंमत माझ्या घराने मोजली आहे, ते ह्या व्यासपीठावरून न सांगता मी खाली उतरलो, तर तो अपराध अधिक मोठा होईल.

आपले देगलूर हे तीन भाषांच्या सांध्यावरचे गाव. लेंडीच्या ह्या बाजूला मराठी, थोडे पुढे गेले की तेलुगू, आणि खाली वळले की कन्नड. १९५६ पर्यंत आपण सारेच हैदराबाद राज्यात होतो. त्यामुळे आपल्या लेकी मदनूर-बिचकुंद्याकडे जातात, सुना औराद-बिदरकडून येतात, आणि घरोघरी दोन तरी भाषा बोलल्या जातात. चालीरीतींचेही तसेच आहे. कै. इरावतीबाई कर्वे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात ही गोष्ट फार मार्मिकपणे मांडली. उत्तरेकडे नात्यात लग्न निषिद्ध. दक्षिणेकडे तेच पसंतीचे. आणि महाराष्ट्र ह्या दोहोंच्या मधला उंबरठा. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची मोकळीक आहे, आत्याची मुलगी करण्याची सामान्यतः नाही. आणि दक्षिणेकडे सरकावे तसतशी मामा-भाचीची सोयरीकही घराघरांत दिसू लागते. आपण तर त्या उंबरठ्यावरच बसलो आहोत. म्हणून ‘मामाचा हक्क पहिला’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे.

ही चाल पडली ती काही मूर्खपणाने पडली नाही. मुलगी परक्या घरात जाऊन कष्टी होऊ नये, आजीच सासू झाली तर तिला माया मिळावी, घरचे शेत आणि घरचे सोने घरात राहावे, देण्याघेण्याचा घोळ कमी व्हावा, हा त्यामागील हेतू होता. पूर्वजांच्या हेतूवर दोष ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु त्यांना जे दिसत नव्हते ते आज दिसू लागले आहे, आणि दिसल्यावरही डोळे मिटून घेणे हे आपल्याला शोभणार नाही.

आपण म्हणाल, आपल्याकडे सगोत्र विवाह होत नाही. कूळ, देवक, गोत्र सारे पाहूनच आपण पुढे जातो. खरे आहे. परंतु गोत्र हे एकाच वाटेने चालते, बापाच्या वाटेने. मुलगी लग्न होऊन गेली की तिचे गोत्र बदलले, आणि तिच्या मुलीचे गोत्र मामाच्या गोत्राहून वेगळे झाले. कागदावर दोघे परके झाले. निसर्ग मात्र आईची आणि बापाची अशा दोन्ही वाटा सारख्याच मोजतो. त्याच्या हिशेबी मामा आणि सख्खी भाची ह्यांच्यात चौथा हिस्सा वारसा एकच असतो. शास्त्रकारांनी सापिंड्याचा नियम घालून आईच्या बाजूच्याही पिढ्या वर्ज्य केल्या होत्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही मामा-भाचीचा विवाह निषिद्ध नात्यांत धरला आहे. परंतु शास्त्राने आणि कायद्याने अशा दोघांनीही रूढीसाठी एक दार उघडे ठेवले, आणि आपण त्या दाराने सुखाने जा-ये करीत राहिलो.

आता संशोधनाकडे वळतो, आणि प्रारंभ आपल्याच मुंबईपासून करतो. १९५२ साली ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात डॉ. य. मो. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी ह्यांचा एक लहानसा लेख आला. मुंबईत त्यांना अशी माणसे आढळली होती की, ज्यांचे रक्त तपासणीत ‘ओ’ गटाचे वाटे. परंतु ‘ओ’ गटाचे रक्त त्यांच्या रक्तात मिसळले की ते जुळत नसे, त्याच्या गुठळ्या होत. ‘ओ’ गटाच्या माणसांतही जो ‘एच’ नावाचा पदार्थ असतो, तोच ह्या माणसांत नव्हता. ह्या रक्तगटास साऱ्या जगात ‘बॉम्बे रक्तगट’ असे नाव पडले. आपल्या देशात तो सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. अशा माणसास केवळ त्याच गटाच्या दुसऱ्या माणसाचे रक्त चालते.

हा रक्तगट मुलाला केव्हा मिळतो? जेव्हा आई आणि बाप अशा दोघांकडूनही तेच एक दुर्मीळ जनुक येते तेव्हाच. जनुक म्हणजे वारशाचा एकेक लेख, असे समजा. प्रत्येक लेखाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते आणि माणूस धडधाकट राहतो. अशा माणसास ‘वाहक’ म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. परंतु दोन वाहकांचा संसार झाला, तर प्रत्येक गरोदरपणात चारांपैकी एक वेळ असा संभव असतो की मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. मेंडेल नावाच्या ऑस्ट्रियातील एका धर्मगुरूने वाटाण्याच्या वेलांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून हा तीनास एकाचा नियम शोधला आणि १८६६ साली तो प्रसिद्ध केला.

दुर्मीळ जनुक परक्या दोन घरांत एकाच वेळी असण्याचा योग क्वचितच येतो. परंतु एकाच आजी-आजोबांकडून ते दोन शाखांत उतरले असेल आणि त्या दोन शाखा पुन्हा लग्नाने एकत्र आल्या, तर तो योग दुर्मीळ राहत नाही. हिशेब सांगतो. मामेबहीण आणि आतेभाऊ ह्यांच्या मुलामध्ये कोणतेही एक जनुक घेतले, तर त्याच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असण्याचा संभव सोळांत एक असतो. मामा-भाचीच्या मुलामध्ये तो आठांत एक होतो.

हा मेंडेल मी एकतीस वर्षे फळ्यावर शिकविला. उंच वेल, बुटका वेल, चार चौकोन, तीनास एक. मुले पाठ करीत आणि परीक्षेत गुण मिळवीत. आणि ज्या वर्षांत मी हे चौकोन फळ्यावर काढीत होतो, त्याच वर्षांत माझ्या स्वतःच्या घरात काय चालले होते ते मला दिसले नाही.

१९९१ साली माझ्या धाकट्या भावाचे लग्न आमच्या अक्काच्या मुलीशी, म्हणजे आमच्या सख्ख्या भाचीशी झाले. मागणी घालण्यास मीच गेलो होतो. आईची इच्छा होती, अक्काला आनंद होता, मुलीलाही घर परके नव्हते. १९९३ साली मुलगा झाला. सहा-सात महिन्यांतच तो फिका पडू लागला, पोट वाढू लागले. प्रथम दृष्ट काढली, मग अंगारा झाला, मग नवस झाले. अखेरीस नांदेडला नेले, तेव्हा थॅलसेमिया हे नाव आम्ही प्रथम ऐकले. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी एस. टी. ने नरसी-नायगाववरून नांदेड, तेथे रक्त, आणि रात्री परत. असे चौदा वर्षे चालले. प्रत्येक वेळी चढविलेल्या रक्ताबरोबर शरीरात लोह साठत जाते आणि ते हृदयात व यकृतात बसते. २००८ साली, पंधराव्या वर्षी, त्याचे हृदय थकले आणि तो गेला. वर्गात पहिला येणारा मुलगा होता.

परंतु मला आपल्यापुढे मांडावयाचे दुःख एवढेच नाही. त्या चौदा वर्षांत आमच्या घरात दोष कोणावर ठेवला गेला? त्याच्या आईवर. ‘पायगुण’, ‘पूर्वजन्मीचे पाप’, ‘हिच्या कुशीतच दोष’ हे शब्द माझ्या घरात उच्चारले गेले, ते तिच्या सख्ख्या आजीने उच्चारले, आणि मी ते ऐकत राहिलो. एका तरुण डॉक्टरने एके दिवशी कागदावर चार चौकोन काढून मला समजावून सांगितले, तेव्हा माझी मान खाली गेली. तेच चौकोन मी आदल्या आठवड्यात वर्गात काढले होते. दोष असलाच तर तो आई आणि बाप ह्या दोघांकडून सम-समान आलेला होता, आणि तो दोघांच्याही अंगी एकाच घरातून, माझ्या आईवडिलांपैकी एकाकडून, उतरलेला होता. पुढे मी स्वतःची तपासणी करून घेतली. मीही वाहक आहे. सत्तर वर्षे ह्या जनुकासह जगलो, शेतात राबलो, एकही दिवस त्यामुळे अंथरूण धरले नाही. हे मी आज ह्या भरल्या सभेत मुद्दाम सांगतो, अशासाठी की वाहक असणे ही लपविण्याची गोष्ट नव्हे हे कोणीतरी प्रथम उठून सांगितले पाहिजे.

आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, ‘मास्तर, आमच्या घरी तर नात्यात सोयरीक होत नाही, आम्ही जातीतच पण दूरचे स्थळ पाहतो, तेव्हा ही गोष्ट आमच्यासाठी नाही.’ ह्याच ठिकाणी गेल्या काही वर्षांतील संशोधन आपल्याला विचारात पाडते.

आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, पेशीय व रेणवीय जीवशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. ‘सीसीएमबी’ ह्या नावाने ती ओळखली जाते. तेथील डॉ. लालजी सिंग, डॉ. कुमारसामी थंगराज आणि अमेरिकेतील डॉ. डेव्हिड राइश व त्यांचे सहकारी ह्यांनी २००९ साली भारतातील पंचवीस समाजांच्या जनुकांचा अभ्यास ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, आज भारतात राहणारे जवळजवळ सर्व समाज हे दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेले आहेत. २०१३ साली त्याच परंपरेतील दुसऱ्या अभ्यासाने काळही सांगितला. हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडले; त्या काळात सारे लोक एकमेकांत मिसळत होते, आणि मग केव्हातरी ते मिसळणे थांबून जो तो आपापल्या वर्तुळात लग्ने करू लागला.

ह्याचा परिणाम काय झाला ते २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’ मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखविले. दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजांतील २,८०० हून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. त्यांपैकी ८१ समाज असे निघाले की, ते फार थोड्या मूळ कुटुंबांपासून वाढलेले आहेत. फिनलंडचे लोक आणि युरोपातील अश्केनाझी ज्यू हे ह्या बाबतीत जगातील ठळक उदाहरण मानले जातात. त्यांच्याहूनही ह्या ८१ समाजांतील वर्तुळ अधिक अरुंद ठरले. आणि त्यांतील १४ समाज दहा लाखांहून अधिक लोकसंख्येचे आहेत!

बंधूंनो, ह्या वाक्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. समाज लाखांचा असला म्हणून तो दूरदूरच्या रक्ताचा असतो असे नाही. शंभर घरे शेकडो वर्षे आपापसांतच सोयरिकी करीत वाढली, तर त्यांची लाख घरे झाली तरी ती नात्याचीच घरे राहतात. वधू लातूरची आणि वर निजामाबादचा, तीन पिढ्यांत ओळखदेख नाही, तरीही त्या दोघांच्या अंगी एकाच विसरलेल्या पूर्वजाची एकच बिघडलेली प्रत असू शकते. आपण ‘परके स्थळ’ म्हणतो, ते पुष्कळदा विस्मरणात गेलेले नाते असते.

ह्याचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात, शस्त्रक्रियेच्या वेळी दिले जाणारे सक्सिनिलकोलीन नावाचे औषध शरीरात विघटित करणारा घटक कमी असण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे शंभरपट आढळते. ह्या औषधाने स्नायू सैल पडतात. सामान्य माणसात त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो. ज्याच्यात तो घटक नाही त्याला मात्र कित्येक तास आपला श्वास आपण घेता येत नाही, यंत्राने श्वास द्यावा लागतो. एरवी हा माणूस आयुष्यभर निरोगी असतो. ही गोष्ट आधी ठाऊक असली तर भूल देणारे डॉक्टर दुसरे औषध निवडतात आणि संकट टळते. ठाऊक नसली तर जिवावर बेतते. म्हणून तिकडील जाणते भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याचा समाज विचारतात. ते विचारणे उच्चनीचतेचे नसते, त्याचा प्राण वाचविण्याचे असते.

हे उदाहरण ऐकून कोणी त्या समाजास नावे ठेवू नयेत. त्यांचा वारसा तपासला गेला म्हणून तो आपल्याला ठाऊक झाला, एवढेच. आपला तपासला गेला तर त्यातही काही निघेलच. प्रत्येक माणूस अशा काही बिघडलेल्या प्रती बाळगून असतो. राजा असो वा रंक असो. ह्या साऱ्या संशोधनात कोणती जात श्रेष्ठ आणि कोणती कनिष्ठ असे एक अक्षरही सापडत नाही. ‘शुद्ध रक्ता’चा जो अभिमान आपण पिढ्यान्पिढ्या मिरविला, त्याला मात्र ह्या संशोधनाने उत्तर दिले आहे. मुळात आपण सारे मिश्रच आहोत; आणि पुढे जी शुद्धता आपण राखली, तिची किंमत कोणाच्या ना कोणाच्या पाळण्याने चुकती केली आहे.

आता दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर मी आपल्याला केवळ भिववून सोडल्यासारखे होईल. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात अकरा हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास होऊन तो २०१३ साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांत चुलत-मावस-मामे भावंडांची लग्ने पुष्कळ होतात. अशा लग्नांतील बालकांत जन्मजात व्यंगाचे प्रमाण शेकडा तीनवरून सुमारे सहापर्यंत, म्हणजे दुप्पट, आढळले. धोका दुप्पट झाला हे खरे. परंतु शंभरांतील चौऱ्याण्णव मुले चांगली निपजली हेही तितकेच खरे. म्हणून ज्यांची लग्ने नात्यात झालेली आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये, एकमेकांस दोष तर मुळीच देऊ नये. पुढचे पाऊल मात्र जाणून टाकावे.

पाऊल कसे टाकता येते ह्याची दोन उदाहरणे जगाने पाहिली आहेत. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सातांतील एक माणूस थॅलसेमियाचा वाहक असतो. १९७० च्या दशकात त्या चिमुकल्या देशाने तपासणीची मोहीम हाती घेतली. पुढे तेथील धर्मपीठानेही लग्नाआधी तपासणीचा दाखला मागण्यास प्रारंभ केला. थोड्याच वर्षांत त्या रोगाने ग्रस्त बालकांचे जन्म जवळजवळ थांबले.

दुसरे उदाहरण तर आपल्या मंडळाने समोर ठेवावे असे आहे. न्यूयॉर्कमधील जोसेफ एकस्टाईन नावाच्या एका ज्यू धर्मगुरूंची चार मुले ‘टे-सॅक्स’ ह्या आनुवंशिक रोगाने दगावली. त्यांच्या समाजातही लग्ने मध्यस्थांमार्फत आणि समाजातच ठरतात. १९८३ साली त्यांनी ‘दोर येशोरिम’ नावाची संस्था काढली. विवाहयोग्य मुलामुलींची तपासणी होते. प्रत्येकास केवळ एक क्रमांक मिळतो. स्थळ पाहताना दोन्ही घरे आपापले क्रमांक संस्थेस कळवितात, आणि हे स्थळ जुळण्यासारखे आहे की नाही एवढेच उत्तर मिळते. कोण वाहक, कोण नाही, ह्याचा बोभाटा होत नाही. कोणाच्या मुलीचे नाव चारचौघांत होत नाही. पत्रिका जुळविणारे आपण. आपल्याला ही पद्धत परकी वाटण्याचे काय कारण?

कोणी म्हणेल, विज्ञान एवढे पुढे गेले आहे तर रोग झाल्यावर बरे करण्याचा उपायही निघालाच असेल. निघाला आहे. जनुकातील नेमका भाग कापून त्याचे कार्य बदलण्याची ‘क्रिस्पर’ नावाची युक्ती शोधणाऱ्या इमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना ह्या दोन विदुषींना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या युक्तीवर आधारलेल्या थॅलसेमिया व सिकलसेल ह्यांवरील उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने सर्वप्रथम मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यामागे बावीस लाख डॉलर ठरली. आपण रुपयांत हिशेब करून पाहावा. आणि दुसरीकडे, विवाहापूर्वी वाहक ओळखण्यासाठी लागते ती हाताच्या शिरेतून काढलेल्या थोड्या रक्ताची एक तपासणी. ‘एचपीएलसी’ ह्या पद्धतीने रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार मोजले जातात. त्यावरून थॅलसेमिया आणि सिकलसेल ह्या दोहोंचे वाहक कळतात. आपल्या देशात शेकडा तीन-चार माणसे थॅलसेमियाची वाहक आहेत. पुष्कळदा त्यांना ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि गुण येत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि भारतातील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. म्हणजे ज्ञान आपल्या दारापर्यंत आले आहे. दार आपण उघडावयाचे आहे.

आमच्या घराने ते कसे उघडले ते सांगतो, आणि हे मी संबंधितांची संमती घेऊन सांगत आहे. माझ्या भावाची धाकटी मुलगी, त्या गेलेल्या मुलाची बहीण, प्रकृतीने उत्तम आहे, परंतु वाहक आहे. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आम्ही वडील मंडळी गप्प राहण्याच्या विचारात होतो. तिनेच आम्हांस अडविले. ‘काका, आईला चौदा वर्षे ऐकून घ्यावे लागले, ते कोणी खरे सांगितले नाही म्हणून. मी सांगूनच लग्न करीन,’ असे ती म्हणाली. तिने आपला अहवाल प्रत्येक स्थळास दाखविला. दोन घरांनी नम्रपणे नकार कळविला. तिसऱ्या घरच्या मुलाने तो अहवाल वाचला, लातूरला जाऊन स्वतःची तपासणी केली, आणि आपण वाहक नसल्याचा कागद घेऊनच तो आमच्याकडे आला. तो आपल्या पोटशाखेतला नाही म्हणून काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, तेही येथे सांगितले पाहिजे. गेल्या वैशाखात त्यांचा विवाह झाला. त्या दोघांच्या मुलांपैकी एखादे वाहक निघेल कदाचित. परंतु दर तीन आठवड्यांनी परक्याच्या रक्तावर जगण्याची पाळी त्यांच्यापैकी कोणावरही येणार नाही.

ह्या अनुभवावरून मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो.

पहिली विनंती वधूवर-सूचक समितीस. आपल्या छापील अर्जात उंची, वर्ण, शिक्षण, नाडी, गण, सारे रकाने आहेत. ‘हिमोग्लोबिनची तपासणी झाली आहे काय?’ असा एक रकाना त्यात घालावा. उत्तर केवळ ‘होय’ अथवा ‘नाही’ असावे. अहवाल मात्र ज्याचा त्याच्याजवळ राहावा आणि बोलणी निश्चित होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी तो डॉक्टरांसमक्ष पाहावा. तपासणी मुलाची आणि मुलीची अशी दोघांचीही झाली पाहिजे. केवळ मुलीची मागणार असाल, तर कृपा करून हा रकाना घालूच नका; कारण मग तो आपल्या लेकींच्या गळ्यात आणखी एक लोढणे होईल. ज्या गरीब घरांस तपासणीचा खर्च जड जाईल, तो मंडळाच्या निधीतून व्हावा.

दुसरी विनंती प्रत्येक घरास. आपल्या ह्या स्मरणिकेत आपण वंशावळी छापतो. कोणी पाटीलकी मिळविली, कोणी धर्मशाळा बांधली, हे त्यात असते. कोणती मुले पाळण्यात गेली, कोणास ऐकू येत नव्हते, कोणास भूल दिल्यावर शुद्ध येण्यास विलंब लागला, हे कोणी लिहीत नाही. छापू नका, परंतु घरच्या वहीत लिहून ठेवा, आणि डॉक्टरांनी विचारले तर लपवू नका. ज्या घरात वृद्ध आजी आहे, त्या घराने हे काम ह्याच आठवड्यात करावे. तिच्यामागून हे सांगणारे कोणी उरणार नाही.

तिसरी विनंती सर्वांत अवघड. मामा-भाचीची सोयरीक ह्यापुढे आपण थांबवावी, सख्ख्या मामे-आते भावंडांचीही शक्यतो टाळावी, आणि पोटशाखांच्या भिंती पाडाव्या. एवढ्याने सारे भागेल असे मी म्हणत नाही. जी मुलेमुली आपल्या पसंतीने आणखी बाहेर पाऊल टाकतील, त्यांना निदान ह्या मंडळाने तरी वाळीत टाकल्यासारखे वागवू नये. वर्तुळ जितके रुंद तितका पाळणा सुरक्षित, एवढाच ह्या संशोधनाचा सारांश आहे.

अध्यक्ष महाराज, ज्ञातीचे मंडळ हे कशासाठी असते? ज्ञातीची मुले सुखी व्हावीत ह्यासाठी, असे आपल्या घटनेच्या पहिल्या कलमात लिहिले आहे. ज्ञातीची चौकट आणि ज्ञातीची मुले ह्यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ आली, तर आपण मुलांची निवड कराल, असा मला विश्वास आहे. माझी भाची आज समोरच्या रांगेत बसली आहे. तिच्यावर माझ्या घराने जो अन्याय केला, त्याबद्दल मी ह्या सभेसमक्ष तिची क्षमा मागतो.